दगडी पुलावरची वाट

अहो,

गाडीची किल्ली शोधत घर डोक्यावर घेऊ नका, ती मी बरोबर नेली आहे. भांडायचं ते मी आल्यावर भांडा.

उद्याच्या सहलीचा तुमचा नकाशा पाहिला. किल्ल्याच्या गावापासून जुन्या बंदराच्या गावापर्यंत नदीकाठचा रस्ता किती हौसेने रंगवलाय! पण नदी ओलांडताय दगडी पुलावरून. तो पूल गेल्या वर्षी पाडला. त्या कामावर इंजिनिअर तुम्हीच होतात. त्यातलाच एक दगड तुम्ही घरी आणलात, रोज त्यावर बसून बूट घालता.

मी डॉक्टरांना भेटून येते. मुलीचा फोन आला तर सहल पुढे ढकलली, एवढंच सांगा.

चहा थर्मासमध्ये ठेवलाय. मी येईपर्यंत गॅसला मात्र हात लावू नका.