जीपमधला स्टँड कुणी केला

आबा, जीप विकली तेव्हा काय झालं ते आईनं मला परवा सांगितलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि ती आत्ता सांगतेय, तेही मेथी निवडता निवडता, सहज. मेढ्याहून गिऱ्हाईक आलं होतं म्हणे. गाडी पसंत पडली, आणि डाव्या सीटसमोरचा तो लॅपटॉपचा स्टँडही त्याला गाडीबरोबर हवा होता. तर तुम्ही म्हणालात, "त्यो न्हाई द्यायचा. माझ्या पोरीनं केलाय." आईला वाटलं, हे ऐकून माझे डोळे भरून येतील. मी हातातली जुडी तशीच टाकून उठले. अंगाचा नुसता जाळ झाला. ज्याला माझं नाव माहीत नाही, जो पुन्हा कधी आपल्या दारात येणार नाही, त्याला तुम्ही खरं सांगितलंत! आणि जिथे सांगायला हवं होतं, तिथे?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माधवनगरची मिल बंद पडून तुम्ही घरी बसलात आणि मग ती जुनी डिझेल जीप घेतलीत. मला पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली. आटपाडीकडच्या गावांतून फिरायचं, विहिरीत टेप सोडून पाणी किती खोल गेलंय ते मोजायचं आणि तिथल्या तिथे लॅपटॉपमध्ये भरायचं. वहीतून नंतर उतरवताना आकडे चुकतात, म्हणून साहेबांचा तसा हुकूमच होता. संस्थेनं आपलीच जीप लावून घेतली आणि चालवायला तुम्ही. तो लॅपटॉप चांगलाच वजनदार, त्याची बॅटरी तासाभरात मान टाकायची, म्हणून जीपच्या बॅटरीवरून वायर ओढलेली. हे सगळं लटांबर माझ्या मांडीवर. मांडी भाजायची, हात अवघडायचे. एकदा आटपाडीच्या अलीकडे जीप खड्ड्यात आदळली, लॅपटॉप उडून गिअरच्या दांड्यावर आपटला आणि त्याची बिजागरी तडकली. साहेब मला म्हणाले, "पुन्हा पडला तर हे काम तुमच्याकडे ठेवता येणार नाही." तुम्ही शेजारीच उभे होता. खड्डा तुमच्या चाकाखाली आला होता. तुम्ही वाकून टायरची हवा बघायला लागलात.

त्याच आठवड्यात मी ठरवलं, लॅपटॉपला जीपमध्ये घट्ट जागा करायची. तुम्ही पहिल्या वाक्यालाच आडवे आलात. "गाडीला भोक पाडायचं न्हाई. पत्रा गंजतो." मी दोन दिवस जीपच्या तळाशी उताणी पडून बघत होते. मग लक्षात आलं, सीट चार बोल्टांवर बसलीय. त्यातले पुढचे दोन काढायचे, खाली जाड लोखंडी पट्टी सरकवायची आणि पुन्हा तिथेच आवळायचे. पट्टी सीटच्या बाहेर येईल, तिच्यावर खांब उभा करायचा.

"आवं आबा, भोक पाडायचंच न्हाई," मी म्हणाले.

"लय शानी. बोल्ट आखूड पडतील."

"मग लांब घालू."

तुम्ही बिडी ओढायला निघून गेलात. मदत करतो म्हणाला नाहीत, नको कर असंही म्हणाला नाहीत.

माझी कॉलेजची सायकल मागच्या पडवीत मोडून पडली होती. तिचा सीटखालचा पाइप मी करवतीनं कापला. कापताना पातं दोनदा तुटलं. गल्लीच्या तोंडाच्या वेल्डरकडून तो पट्टीवर उभा जोडून घेतला. सायकलच्या सीटचा दांडा त्याच्यात वरखाली सरकतो आणि क्लॅम्प आवळला की बसतो, त्यामुळे उंची हवी तशी करता यायची. वर प्लायवूडची फळी, कडेला पट्ट्या, लॅपटॉपखाली जुन्या स्लिपरांचं रबर आणि वरून मिलमधल्या मशिनीच्या पट्ट्याच्या तुकड्याचा बंद. वेल्डिंग सोडलं तर सगळं घरातलंच. पहिल्या दिवशी फळी नंदीबैलासारखी मान हलवत होती, अक्षर वाचता येईना. मग खांबापासून सीटच्या सांगाड्यापर्यंत एक तिरका आधार टाकला. दुसऱ्या खेपेला आटपाडीच्या रस्त्यावर तुम्ही मधेच जीप थांबवलीत, फळी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलीत आणि म्हणालात, "हलत न्हाई." तेवढंच. मला ते पुरलं होतं, आबा. खरंच पुरलं होतं.

मग साहेब संस्थेच्या साताऱ्याच्या ऑफिसातले पाहुणे घेऊन आपल्या घरी आले. संस्थेच्या बाकीच्या गाड्यांतही लॅपटॉप येणार होते आणि त्यांना हा स्टँड बघायचा होता. मला अजून सगळं दिसतं. जीप दारात उभी आहे, दोन्ही दारं उघडी, पाहुणे वाकून क्लॅम्प फिरवून बघतायत. "कुणी केलं हे?" साहेब विचारतात. मी बोलायला तोंड उघडते, आणि तुम्ही मान ताठ करून म्हणता, "माझ्या पोरानं. पुण्याला इंजिनिअरिंगला हाय." ज्यानं तो स्टँड तोवर डोळ्यांनी बघितलाही नव्हता, तो तुमचा पोरगा, माझा धाकटा भाऊ!

ते गेल्यावर स्वयंपाकघरात मी तुम्हाला धरलं. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. तुम्ही खाली बघून म्हणालात, "तुझं लगीन ठरायचंय. जीपखाली लोळून पाना फिरवती म्हटल्यावर कोण करून घेईल?"

"मग मला शिकवलंत कशाला?" मी ओरडले. लहानपणी मी तुमचा डबा घेऊन मिलच्या फाटकावर यायचे तेव्हा खिशातले बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवायचात, डोळे मिटून बोटांनी माप ओळखायला लावायचात. धाकट्याला नव्हे, मला.

"घरात शिकवलं," तुम्ही म्हणालात. "चारचौघांत सांगायला न्हाई."

हे वाक्य मी पुढे कुठे कुठे वागवलं ते तुम्हाला माहीत नाही. धाकटा सुट्टीला आला. त्यानं मला हळूच विचारलं, "ताई, ही पट्टी किती जाडीची?" मी सगळं सांगितलं, त्यानं कागदावर छान चित्र काढलं. त्याचा तरी काय दोष? तुम्ही ढकललंत, तो गेला. स्टँड सगळ्यांना समजावून द्यायला संस्थेनं साताऱ्यात सभा घेतली, तिथे तो पुढे उभा राहून बोलला आणि मी मागच्या खुर्चीवर बसून सभेचा वृत्तांत लिहीत होते. कुणीतरी विचारलं, "फळी सरळ डॅशबोर्डलाच का नाही ठोकली?" तो अडखळला. माझ्या तोंडून निघून गेलं, "डॅशबोर्डचा पत्रा पातळ असतो, सगळे हादरे थेट लॅपटॉपला बसतील. आणि भोकं पाडावी लागतील ती वेगळीच." सगळे वळले. साहेब हसून म्हणाले, "भावाचं सगळं पाठ केलंय बहिणीनं!" लोकही हसले. तुम्ही पहिल्या रांगेत होता. तुम्हीही हसलात.

शिक्षण संपल्यावर गाड्यांची सगळी व्यवस्था बघायची साताऱ्यातली जागा धाकट्याला मिळाली. सहा महिन्यांत कंटाळून त्यानं ती सोडली. मला कुणी विचारलं नाही. मी आकडे भरत राहिले. लग्न झालं, तेही पाना फिरवण्याला हरकत नसलेल्या माणसाशी, तुमच्या भीतीला काही अर्थ नव्हता. पण नंतर कितीतरी वर्षं मी हातानं काही केलं नाही. नळ गळला तरी प्लंबर बोलवायचे. आता मेढ्याच्या माणसाचं ऐकल्यावर वाटतं, तुमच्या मनात होतं तर ते असं दूरच्या गिऱ्हाईकाजवळ का सांडलंत? मी तर रोज समोर होते. तुमच्या शेवटच्या आजारात तीन महिने उशाशी होते. तेव्हाही तुम्ही पेपरातल्या बातम्या सांगत राहिलात.

हे लिहिताना पेन इतकं दाबलंय की मागच्या पानावर अक्षरं उमटलीत. आईला सापडलं तर तिला वाईट वाटेल, म्हणून हे पत्र घरातही ठेवणार नाही. पण एक गोष्ट राहिली, आणि ती न लिहिता हे संपवलं तर मीही तुमच्यासारखीच. त्या दिवशी पाहुण्यांपुढे पोराचं नाव पुढे करून तुम्ही चहाचं सांगायला आत गेलात. साहेब माझ्याकडे वळले. त्यांना शंका आली असावी, माझी बोटं ग्रीसनं काळी होती. त्यांनी अगदी नीट, हळू आवाजात विचारलं, "खरंच भावानं केलंय का हो?" तुम्ही तिथे नव्हता. मला अडवायला कुणीच नव्हतं.

मी "हो" म्हणाले.