टेकडीवरची काजूची झाडं

सित्रा, बहारीन
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

चि. नीलूस,
दादाचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. संध्याकाळी आता एसी बंद ठेवता येतो. तुझी वहिनी रोज गुडघ्याला तेल लावा म्हणते, मी लावत नाही. जयेशरावांना नमस्कार सांग.

तुमच्या न्यू जर्सी राज्याचा सिक्युरिटीचा कायदा वाचला. तू फोनवर म्हणालीस, "दादा, तुला नाही कळायचं ते." नीलू, दहावीनंतर मी शाळा पाहिली नाही, पण इथली मॅन्युअलं डिक्शनरी घेऊन वाचली आणि टाक्या मोजणाऱ्यांचा सुपरवायझर झालो. कळतं. डोक्यात बसत नाही, एवढंच.

सिक्युरिटी म्हणजे शेअरचा कागद, असं मी धरून चाललो होतो. आपल्या गावच्या सागरने तर काजूची झाडं विकली. पैसे तुम्ही घाला, राखण आम्ही करू, पीक वाटून घेऊ. तुमचा कायदा म्हणतो, दुसऱ्याच्या कष्टावर नफा मिळेल या आशेने सगळ्यांच्या सामाईक धंद्यात पैसे घातले की ती सिक्युरिटी. मग तिला झाड म्हणा नाहीतर म्हैस. मग बाबांनी कलमं खंडाने दिली होती तीही सिक्युरिटी का? बाबांनी पैसे घातले नव्हते, म्हणून नसावी. पण खत तर त्यांनीच घातलं होतं. इथे मी अडकलो आहे. वकिलाला विचार.

दुसरं. झाडं सागरची, आणि विकणारी तू कशी? तर म्हणे शेजारच्या तस्नीमला तू पटवलंस आणि त्याबद्दल सागरने तुला दोन झाडं फुकट दिली, म्हणून तूही विकणारी. शेजारणीला चांगली गोष्ट सांगणं हा गुन्हा झाला. तिचा भाऊ गावी जाऊन पाहून आला, टेकडीवर काजूचं एक झाड नाही, नुसत्या करवंदीच्या जाळ्या. सागरचा फोन बंद. म्हणून तस्नीमची नोटीस तुला.

सुटायची वाट एकच दिसते. खोटं आहे हे तुला माहीत नव्हतं, आणि काळजी घेऊनही कळलं नसतं, हे तू दाखवायचं. तू वकिलाला सांगितलंस, माझ्या दादाने स्वतः पाहून, मोजून लिहून पाठवलं होतं. आणि मला एकच प्रश्न लिहिलास.

त्याआधी मंगळवारचं सांगतो. टाकीतलं तेल मोजायचं तर जिना चढून वर जावं लागतं आणि झाकणातून टेप सोडावी लागते. माझ्या हाताखालच्या मुख्तारने आकडा लिहून आणला, पण त्याच्या टेपेला तेलाचा थेंब नव्हता. विचारलं, वर गेला होतास का? हसला. म्हणाला, "उस्ताद, कल का ही लिख दिया. टंकी कहीं भागती थोडी है."

अशांना मी लेखी ताकीद देतो. सगळ्यांना माहीत आहे. कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि हात चालेना. मुख्तारच म्हणाला, "तबियत ठीक है, उस्ताद?" त्याला चहा प्यायला पाठवलं.

नीलू, मी टेकडी चढलो नव्हतो.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा सागरने गाडी पायथ्याशी उभी केली. गुडघा सुजला होता, पण त्याच्यापुढे कसं सांगू? म्हटलं, इथून दिसतंय सगळं. दिसत होतं ते हिरवं. मग त्याच्या अंगणात जेवलो. तिथे काजूचं झाड होतं, त्याचा घेर टेपेने मोजला. साडेबासष्ट सेंटिमीटर. तुला जे पाठवलं ते हेच माप. माप अचूक आहे, आजही जाऊन बघ. मापाच्या वर मात्र "प्रत्यक्ष पाहणी केली" असं लिहिलं, कारण तसं लिहिल्याशिवाय मापाला शोभा येत नव्हती.

मलाही सागरने चार झाडं फुकट दिली होती. हे तुला बोललो नव्हतो. कायद्यात मी कुठे बसतो, ते तीनदा वाचूनही समजलेलं नाही. सागरला खोटं ठाऊक होतं. तुला ठाऊक नव्हतं. मला काय ठाऊक होतं?

तुझ्या वहिनीला, रखमाला, अजून सांगितलेलं नाही. हे पत्र पुरं झालं की सांगतो.

पत्र वकिलाला दे. पहिला परिच्छेदसुद्धा काढू नकोस. "दादा" त्याच्या कामाचा नाही, म्हणून पासपोर्टावरचं नाव लिहितो.

शंभू गोविंद तळेकर
(पाहणी केलेली नाही.)