शस्त्र क्रमांक तीन

२ जून
मुलीला परगावी नोकरी लागली. सोळाला रुजू व्हायचंय. विमानाने एकटीच जाते म्हणाली. मी म्हटलं, बाप अजून जिवंत आहे. खोलीवर सोडून, दाराची कडी तपासून मगच परत फिरेन. अठ्ठावीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, एक वॉशर हरवला नाही. घरच्या डब्यातलेसुद्धा मोजून ठेवतो. मग पोरीला वाऱ्यावर सोडेन?

४ जून, दुपारी
स्वसंरक्षणाचा माल आणला. मिरचीचा स्प्रे, घडीचा दंडुका. निरोप समारंभात मिळालेलं लेबलचं मशीन शेवटी उपयोगी पडलं. शिस्तीप्रमाणे प्रत्येकावर क्रमांक आणि उपयोग. बायको म्हणाली, हौसेला मोल नाही. तिला स्टोअरचं काम कळत नाही.

५ जून
तपासल्याशिवाय माल घ्यायचा नाही, हा माझा नियम. बाथरूममध्ये एक फवारा मारला. छोटासाच. दार उघडं राहिलं ही माझी चूक नाही, कडी सैल आहे. बायको आणि मुलगी दोन तास जिन्यात बसून होत्या. माल अस्सल आहे.

७ जून, ११.२०
विमान कंपनीला फोन केला. बाई गोड बोलतात. स्प्रे आणि दंडुका हातातल्या सामानात अजिबात नाही म्हणाल्या. स्प्रे त्यांच्याकडे चेक-इनलाही नाही.
११.५०. पुन्हा फोन. नेलकटर? कमरेचा पट्टा? बॅडमिंटनची रॅकेट?
१२.१५. पुन्हा फोन. बाईंनी विचारलं, सर, तुम्हाला नक्की कोणाला मारायचंय? हल्ली लोकांना धीरच नाही.

९ जून
मुलीने अट घातली. एक जरी हत्यार दिसलं तरी ती एकटी जाणार. मी शब्द दिला. स्प्रे, दंडुका कपाटात. शब्द म्हणजे शब्द.
संध्याकाळी. शांतपणे विचार केला. छत्री हे काही हत्यार नव्हे. टॉर्चही नव्हे. नियमांचं पत्रक छापून आणलं, दोन्ही चालतात. लाल पेनाने रेघ मारली. वेळ आली तर कसं वापरायचं ते माझं मी बघेन. नोंद मात्र हवी. बिननोंदीचा माल मी बाहेर जाऊ देत नाही.

१५ जून, विमानतळ, सकाळी ७.३०
बाकावर बसवून ठेवलंय, म्हणून लिहितोय. मुलगी बायकांच्या रांगेतून केव्हाच पलीकडे गेली. इकडे तपासणीवाल्याने छत्री उचलली आणि लेबल मोठ्याने वाचलं. शस्त्र क्र. ३, छत्री. उपयोग: पोटात खुपसणे. मग टॉर्च. शस्त्र क्र. ४. उपयोग: डोक्यात घालणे. मी पत्रक पुढे केलं. तो म्हणाला, छत्री चालते काका, शस्त्र चालत नाही. साहेबांना बोलावलं.
७.५०. साहेबांचा एकच प्रश्न: एक आणि दोन कुठे आहेत? खरं ते सांगितलं, घरी कपाटात. पटलं नाही. बॅग तिसऱ्यांदा रिकामी केली.
८.१५. सोडलं. विमान गेलं. मुलगी पलीकडून परत येऊन शेवटच्या पुकाऱ्यापर्यंत बाकाशी थांबली होती. मीच म्हटलं, तू जा. तिने लेबल वाचलं होतं. दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.
तत्त्वतः बरोबर मीच होतो.

१६ जून, सकाळी
काल दुपारी तिचा फोन आला. सुखरूप पोचली. बायको म्हणाली, एकटी गेलेली पोचली आणि सोबतीला गेलेले परत आले. मी लक्ष दिलं नाही.
लेबलं काढायला बसलो. निघत नाहीत.

१० वाजता
पुन्हा तिचा फोन. पहिल्या दिवशी ऑफिसला निघाली होती. रागावलेली नव्हती. उलट मलाच विचारलं, बाबा, नीट पोचलात ना? घर फार रिकामं वाटतंय, ते मात्र मी तिला सांगितलं नाही.
मी खोलीच्या कडीचं विचारलं. म्हणाली, सैल होती, कालच शेजारणीचा पाना आणून बसवली. आत वॉशर घातला. म्हटलं, वॉशर कुठून आणलास? म्हणाली, तुमच्या डब्यातला. भाड्याच्या खोलीची कडी सैल निघणार हे माहीत होतं, निघताना एक पर्समध्ये टाकला होता.
डबा काढून मोजला. चाळीस हवेत. एकोणचाळीस भरले.