यम्ना मोकळी झाली

५ जुलै, शनिवार

आले एकदाची शारजाला! अल मजाजमध्ये बाविसावा मजला, खाली खालिद लगूनचं पाणी, आणि बाहेर अशी भट्टी की बाल्कनीचं दार उघडलं तरी चष्म्यावर वाफ धरते. नोकरी चार ऑगस्टपासून. उद्या अपर्णामावशी, मधूकाका आणि दहा वर्षांची सान्वी सुट्टीला साताऱ्याला चाललेत, म्हणजे महिनाभर घर माझंच. बदल्यात काम एकच, काकांचे शॅमेलिऑन सांभाळायचे.

आपल्याकडे घोयरा सरडा म्हणतात ना, त्याचेच हे यमनकडचे भाऊबंद. नर सुलतान आणि मादी यम्ना. दोघांचे जाळीचे पिंजरे वेगळे आणि मध्ये पडदा, कारण एकमेकांना नुसतं बघूनही त्यांना ताण येतो. काका बँकेत आहेत, पण शिकवतात शाळामास्तरासारखे. वाटीतलं पाणी ते पीत नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात, म्हणून दिवसातून दोनदा फवारा. रातकिडे मोजून द्यायचे, कॅल्शियमच्या पुडीत घोळवून. दोन डोळे दोन दिशांना फिरतात. दोन्ही एकाच जागी लागले की समजायचं, शिकार दिसली. मावशीने मध्येच विचारलं, पोरीला जेवू देणार आहात की तिलाही रातकिडे. सान्वी मान वर न करता म्हणाली, "डॅड, शी गेट्स इट. खलास." म्हणजे इथे 'पुरे आता'.

यम्नाच्या पोटात अंडी आहेत. तिच्याबद्दल दोन गोष्टी काकांनी तीनतीनदा सांगितल्या. एक दिवसाआड फक्त पाच किडे. जास्त खाल्लं तर जास्त अंडी होतात आणि ती तिला पेलत नाहीत. आणि अंडी घालायला पिंजऱ्यात ठेवलेल्या बादलीतली वाळू ती उकरायला लागली की पिंजऱ्यावर चादर टाकून, दार ओढून निघून जायचं. कुणी बघतंय असं दिसलं तर ती खड्डा सोडून देते. मग अंडी पोटातच राहतात आणि ती मरते. मी मान डोलावली. प्राणिशास्त्राची पदवी आहे माझी, एवढं तरी कळतं.

९ जुलै

पाच किडे म्हणजे उपासच की. आपल्याकडे दोन जिवांच्या बाईला कुणी असं मोजून वाढतं का? यम्ना जाळीला धरून उभी राहते, एक डोळा माझ्यावर, एक किड्यांच्या डब्यावर. आज बारा दिले. उद्याही देणार आहे.

१३ जुलै

आज यम्नाचं डोहाळजेवण केलं. मोगऱ्याचा गजरा फांदीला बांधला, शेजारी माझी हिरवी बांगडी अडकवली आणि ताटलीत सतरा रातकिडे. व्हिडिओ मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, सगळ्या हसून लोळल्या. यम्नाचा रंग मात्र काळपट झाला, त्यावर पिवळे-निळे ठिपके. काका म्हणाले होते की हा रंग म्हणजे माझ्याजवळ येऊ नका. मला तो फोटोत इतका छान दिसला की फोन आणखी जवळ नेला.

मावशीला व्हिडिओ पाठवला नाही. का नाही, ते माझं मलाच ठाऊक होतं.

१७ जुलै

सकाळी दहाला उकरायला लागली. मी शहाण्यासारखी चादर टाकली आणि दार ओढून घेतलं. इथेच थांबायचं होतं. पण ग्रुपवर सारखं चाललेलं, बाळंतिणीची काय खबर. साडेबाराला आत गेले. चादरीचं टोक उचललं, दोन बोटं, फोनपुरतंच.

खड्ड्यात अर्धी शिरली होती. थांबली. अंग जराही हललं नाही, फक्त एक डोळा सावकाश मागे फिरला आणि माझ्यावर टेकला. मग ती बाहेर आली, फांदीवर चढली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी चादर सोडली, उगीच हळूच, जणू तिने पाहिलंच नव्हतं.

१८ जुलै

यम्ना बादलीकडे फिरकली नाही. दुपारी काकांचा फोन. यम्नाचं काय झालं विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, "मोकळी झाली." आईने, आजीने, सगळ्या बायकांनी सुखरूप बाळंतपणासाठी वापरलेला शब्द. किती अंडी? तेवीस. मागून मावशी म्हणाली की तिला आज गोडाचं काहीतरी दे हो. काका म्हणाले, पोरगी जबाबदार निघाली. मी थँक यू म्हटलं. म्हणवलं तरी कसं.

२१ जुलै

बिल्डिंगचे नातूर, म्हणजे वॉचमन, अलीमियाँ एसी बघायला आले होते. यम्नाकडे बघून म्हणाले, इसका कलर ठीक नहीं बेटा, डॉक्टर को दिखाओ, यल्ला, चलो, मैं गाडी बुलाता हूँ. मी म्हटलं, संध्याकाळी जाते, इन्शाल्ला. ते हा शब्द मनापासून म्हणतात. माझ्या तोंडात तो नुसता नकार होता.

डॉक्टरकडे तिची नोंद काकांच्या नावावर आहे. पहिला फोन त्यांनाच जाणार. तेवीस अंडी घातलेल्या मादीच्या पोटात अंडी कशी, हे मी काय सांगू?

२४ जुलै

शॅमेलिऑनने दिवसा डोळा मिटला की तो आजारी. तिचा एक मिटलाय. दुसरा माझ्यावर. मी दाराशी गेले की दाराशी, खिडकीशी गेले की खिडकीशी. पोट तट्ट फुगलंय.

क्लिनिकला फोन लावला. मालकाचं नाव विचारलं. मी ठेवून दिला. मला माझी किळस येते.

२५ जुलै

पुन्हा लावला. पुन्हा ठेवला.

२७ जुलै

दुपारी मोकळी झाली. आता खरोखर. तिच्याच अर्ध्या खड्ड्यात पुरलं. एक डोळा शेवटपर्यंत मिटला नाही, वाळू त्याच्यावरच टाकावी लागली.

काकांनी अंड्यांचा फोटो मागितला. अंडी डब्यांत ठेवलीत, उघडले तर ओल जाईल म्हटलं. शाबास म्हणाले.

२९ जुलै

बादलीतली वाळू ओली आहे. मी पाणी घातलेलं नाही. खड्डा मी बुजवला होता, तो उघडा आहे.

सुलतान फवाऱ्याला हलत नाही, किड्यांकडे बघत नाही. दोन्ही डोळे एकाच जागी लावून बसलाय. माझ्यावर.

३० जुलै

जेवण जात नाही. पोट जड. कूस बदलता येत नाही — हे कुणाला सांगू, आणि काय म्हणून सांगू.

आरशांवर टॉवेल टाकलेत. अलीमियाँनी बेल वाजवली. उघडलं नाही, तोंड दाखवायची लाज —

३१ जुलै

मनगटावर काळपट डाग. पिवळे ठिपके. घासून जात नाहीत. नखांत वाळू. मी बादलीला हात लावलेला नाही — लावला असेल तर आठवत नाही —

१ ऑगस्ट

हात घातला. खोल. यम्ना नाही तिथे.

अंडी आहेत. पांढरी, मऊ. मोजली. पुन्हा मोजली.

तेवीस.

२ ऑगस्ट

मावशीचा मेसेज. दोन दिवस आधीच येतायत, दुपारी उतरलेसुद्धा, काकांना अंड्यांचे डबे बघायची घाई. मी पिंजऱ्यांच्या खोलीत, तिचीच चादर अंगावर, बादली मांडीत. उजवा हात कोपरापर्यंत आत. डाव्याने लिहितेय. कळ येते, जाते.

ही वही त्यांच्या हातात देणार. तोंडाने जमणार नाही. व्हिडिओ, चादर, फोन, सगळं लिहिलंय. काका, मी बघितलं. मी खोटं बोलले. ती दहा दिवस जिवंत होती आणि मी फोन ठेवत राहिले.

लिफ्ट. चाव्या. काका हाक मारतायत, मिहिका, कुठे आहेस. सान्वीची पावलं पुढे, पळत —

नको, सान्वी. खड्डा होत आलाय. मोकळी होईपर्यंत फक्त कुणी बघू नका, एवढंच, कुणी —

चादरीचं टोक. दोन बोटं. फोन —