आजीच्या ताटातलं

प्रिय निधी,

माझ्या लांबलचक मेसेजना हल्ली तू नुसता अंगठा पाठवतेस. वाचतेस, एवढं त्यावरून कळतं. पण आज जे सांगायचं आहे ते तेवढ्यावर भागणारं नाही, म्हणून कागद घेतला. आत्ताच शाळेतून आले. बाबा मूर्तिजापूरला गेलेत, आबाजी मागच्या अंगणात बाजेवर पेपर तोंडावर घेऊन झोपलेत, आजीही झोपली आहे. घरात पंख्याचा तेवढा आवाज आहे.

आजी बरी आहे, हे आधी सांगते. बांगड्या आता कोपरापर्यंत घसरत नाहीत. परवा डॉक्टरांनी वजन केलं आणि म्हणाले, काय देताय ते चालू ठेवा. काय देतोय ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आजी पूर्वी आपल्याकडे यायची ते तुला आठवत असेल. तेव्हा तू लहान होतीस, तुला त्यात काही वावगं वाटायचं नाही. अमरावतीहून, अंबापेठेतून, पहाटेच्या बसने यायची ती स्वतःचा डबा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. मोरोपंत वकिलांची बायको. मी, तिच्या मुलीने, अकोल्याच्या शेतकरी घरात लग्न केलं, हे तिने वर्षभरात गिळलं. पण ज्या घरात मटण शिजतं तिथलं पाणी काही तिच्या घशाखाली उतरलं नाही. राग नव्हता तिचा. तुझ्या आबाजींशी तासन्‌तास गप्पा मारायची. आबाजीही ती येणार म्हटलं की दोन दिवस आधी अंगणातली चूल बंद ठेवायचे. 'विहीणबाईच्या नाकाले तरास नको,' म्हणायचे, आणि शेंदूरजनाघाटची संत्री मागवायचे. साल असलेलं फळ तेवढं तिला चालायचं. आपल्या घरातलं तिने खाल्लेलं तेवढंच.

मी दर वेळी गोळाभात करायचे. तिच्यासाठी नवं पातेलं आणायचे, ज्याला कशाचाच स्पर्श झालेला नाही असं. ती पातेल्याकडे बघून हसायची आणि म्हणायची, पुढच्या वेळी गं. अशी चार नवी पातेली माळ्यावर जमली होती. बाबा म्हणायचे, आता भांड्यांचं दुकानच टाक.

गेल्या वर्षी ती कायमची आपल्याकडे आली तेव्हा तिच्या लक्षात माझं नावही राहिलेलं नव्हतं. मला ती वहिनी म्हणते. तेव्हा मी काय केलं माहीत आहे? तिच्याहून जास्त तिचं सोवळं पाळलं. वेगळी शेगडी, वेगळी मांडणी. तिला आठवत नसेल तर मी आठवायचं, असं ठरवलं होतं. पण ती खाईना. घास गालात धरून बसायची. वरण, खीर, मऊ भात, सगळं थुंकून टाकायची. नळी घालावी लागेल, अशी भाषा सुरू झाली होती.

आणि त्या रविवारी ती आपली आपण उठून अंगणात गेली. आबाजी चुलीपाशी होते, मटणाचा रस्सा उकळत होता. ती बाजेवर बसली आणि म्हणाली, "जानरावजी, मला वाढता का? फार भूक लागली आहे." माझं नाव गेलं, त्यांचं कसं राहिलं कोण जाणे. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. आबाजींनी मला हाका मारल्या म्हणे. मी खाली येईपर्यंत ती अर्धी भाकर रश्श्यात कुस्करून जेवली होती, स्वतःच्या हाताने, बोटं चाटत. आबाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले वाटलं तं मले बोल. पण भुकेल्या माणसापुढचं ताट मी कसं वढू?"

मी ताट ओढलं नाही. तिच्यासाठी पाणी आणलं.

पुढच्याच रविवारी तू व्हिडिओ कॉल केलास आणि आजीचं ताट पाहिलंस. तू विचारलंस, "आई, तिला कुणी विचारलं का? आणि त्या बोकडाला?" आणि फोन ठेवलास.

तेव्हापासून ही दोन वाक्यं मी शाळेत, बाजारात, सगळीकडे बरोबर घेऊन फिरते. बोकडाचं म्हणशील तर, मी स्वतः कधी खाल्लं नाही आणि कधी कुणाला अडवलंही नाही, या मधल्या जागेत माझं वय गेलं. पण आजीचं न खाणं कधी बोकडासाठी नव्हतं गं. तू दहावीत मटण सोडलंस तेव्हा तिने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, पोरगी माझ्यावर गेली म्हणून. पुढे तू दूध सोडलंस, का ते वासराची गोष्ट सांगून तिला समजावलंस, तर म्हणाली, म्हणजे ही आता कृष्णालाही नावं ठेवणार. तुझं न खाणं दुसऱ्या जिवासाठी, तिचं देवघरासाठी. ज्या आजीने आयुष्यभर पाळलं ती खरी, की जी बोटं चाटून जेवते ती खरी? सकाळी मला एक पटतं, ताट वाढताना दुसरं.

तुझा शब्द मी वाऱ्यावर सोडला नाही. तू लिहून पाठवलेल्या पद्धतीने सोयाच्या वड्या केल्या, तोच मसाला, तशीच तर्री. आबाजींनी दोनदा मागून घेतल्या आणि वर विचारलं, हे बोकड कोणत्या गावचं. आजीने दोन घास खाल्ले आणि ताट बोटाने बाजूला सारलं. फणस केला, मशरूम केले. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पुन्हा खोल गेलेले दिसले. मग मी बाजारात गेले. बावीस वर्षांत जे या घरात कधी आत शिजलं नव्हतं ते मी आत, माझ्या गॅसवर शिजवलं. माळ्यावरच्या एका नव्या पातेल्यात. कसं करायचं ते आबाजी दारात उभे राहून सांगत होते, उंबरा न ओलांडता.

ती जेवली. माझ्या हातचं. म्हणाली, वहिनी, छान झालंय हो.

निधी, मी न्हाणीघरात जाऊन रडले. तुला वाटेल पापाच्या भीतीने. तसं नव्हतं. मला आनंद झाला होता, लाज वाटावी इतका. आईने माझ्या घरी जेवावं यासाठी मी बावीस वर्षं थांबले होते. आणि तेव्हापासून मला कळेनासं झालंय, की हे मी तिच्या पोटासाठी वाढते की माझ्यासाठी. नळीचं भय खरं आहे, वजनही खरं आहे. पण तिने उद्या वरणभात खाल्ला आणि हे नको म्हणाली, तर मला बरं वाटेल की वाईट, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता हे पत्र का लिहायला बसले ते. काल दुपारी ती जेवत होती. मध्येच थांबली. ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वर्षभरात न पाहिलेले डोळे होते ते, अंबापेठेतल्या आईचे. म्हणाली, "रागिणी, हे काय आहे गं?" माझं नाव घेतलं तिने. तू म्हणत होतीस, तिला विचारा. आणि तिनेच मला विचारलं होतं. तिला हो किंवा नाही म्हणता येईल असा तो एवढाच क्षण होता, आणि उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हटलं, वांग्याची भाजी आहे, आई. ती म्हणाली, असं होय, आणि जेवायला लागली. दोन घासांनी मी पुन्हा वहिनी झाले. ती पुन्हा विचारेल याची मला भीती वाटते, आणि आता ती कधीच विचारणार नाही याची त्याहून जास्त. तू रागावलेली असशील तर रागावूनच ये, पण ये. मला तिच्या ताटासमोर एकटीला बसवत नाही.

जिला काही कळेनासं झालंय अशी, पण तुझीच,
आई