सागाचा खांब

तीर्थरूप बाबांले पहाडातून गजूचा नमस्कार.

मी बरा आहो. इथं जंगलखात्याच्या चौकीवर फोन लागत नाही म्हणून लिहून राहिलो. संत्रा उतरला का? तुमचा खोकला कसा आहे?

चौकीखाली कोरकूंचं गाव होतं. वाघासाठी ते उठवलं. आता तिथं रानगवे चरतात, परवा अस्वल दिसलं. काळजी करू नका, आम्ही जोडीनंच फिरतो.

एक चूक झाली, बाबा. त्या गावातून सागाचा पडलेला खांब आणून मी शेकोटीत लावला. त्यावर चंद्र, सूर्य अन् घोडेस्वार कोरले होते. मले वाटलं, कोणाच्या दाराचा असन.

मागच्या हप्त्यात तिथला एक म्हातारा तो खांब शोधत दोन दिवस चालून आला. त्यानं सांगितलं, कोरकू लोक मेलेल्याच्या नावानं असा खांब रोवतात. तो त्याच्या बापाचा होता. मी सारं सांगून टाकलं. तो रागावला नाही. राख गमछ्यात बांधली अन् जाताना म्हणाला, "थंडी जादा होती ना, बाबू?"

तवापासून मी शेकोटी पेटवली नाही. आईले सांगू नका, ती स्वेटर पाठवन.

तुमचा,
गजेंद्र