मंगळवारी आपलं अख्खं कूळ वारलं

जे. पी. नगर, बंगळूर
गुरुवार

तीर्थरूप हरीकाकांना जितेंद्रचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही खुशाल आहोत. तुमची प्रकृती कशी आहे? (काका, हे पत्राची रीत म्हणून विचारत नाहीये. कालपासून तुम्ही फोन उचलत नाही. बेल पूर्ण वाजते आणि बंद होते. तेव्हा कृपा करून खरंच सांगा, प्रकृती कशी आहे?) बीपीची गोळी चालू असेलच. आजची घेतली नसेल, तर ती घेऊन मगच पुढे वाचा.

तुम्हाला रागवायचा पूर्ण हक्क आहे, पण आधी झालं काय ते ऐका. तुम्ही उभी हयात लोकांच्या ओसऱ्यांवर ताटकळत आपल्या कुळाची माणसं गोळा केलीत. तो कुलवृत्तांत जुन्या डेटाबेसातून नव्या डेटाबेसात हलवायचा आणि रविवारी इथे बंगळुरात होणाऱ्या कुलसंमेलनात तुमच्या हस्ते सगळ्यांच्या मोबाइलवर खुला करायचा, हे काम मीच छाती पुढे काढून अंगावर घेतलं. म्हटलं, त्यात काय, या घरातले डबे उचलायचे नि त्या घरात मांडायचे! पण दोन डेटाबेस म्हणजे दोन विहिणी हो. एकीला चालतं ते दुसरीला चालेल तर शपथ. जुना आपला भिडस्त. जिवंत माणसाच्या मृत्युतारखेच्या रकान्यात तुम्ही काही भरलं नाहीत, की तो गुपचूप शून्य दिवस, शून्य महिना, शून्य साल मांडून मोकळा. नवा पडला कर्मठ. म्हणे, शून्य तारीख कुठल्या पंचांगात असते? एक माणूस आत घेईना. ऋचा (तुमची सूनबाई) म्हणत होती, काकांना विचारा. पण विचारलं तर मी इंजिनियर कसला! शेवटी वैतागून त्याला सांगितलं, बाबा रे, शून्य दिसेल तिथे आजची तारीख टाक. तो टाकत गेला आणि मी निवांत इडली खाल्ली.

काका, त्या मंगळवारी आपलं अख्खं कूळ वारलं. जिथे मृत्युतारीख आहे त्या नावामागे ‘कै.’ लागावं आणि सगळ्या नातेवाइकांना आपोआप मेसेज जावा, अशी सोय प्रोग्रॅममध्ये होती. (ही मीच केलेली. हौस, दुसरं काय!) वासंतीआत्यानं यशवंतपूरहून स्वतःच्याच निधनाच्या बातमीखाली, न वाचता, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली. गुरुप्रसाददादाची बातमी त्याच्या आधी होसकोट्याच्या कारखान्यात पोचली. गेटवरच्या मंजुनाथनं त्याला गाडीतून उतरताना पाहिलं आणि ‘सर, स्वल्प नीरु कुडीरी’ म्हणजे ‘जरा पाणी प्या’ म्हणत बिचारा स्वतःच मटकन खाली बसला. दादा माझ्याशी बोलत नाही. वहिनी मात्र म्हणाल्या, बरं झालं, कुणाकुणाला वाईट वाटलं ते तरी कळलं.

आता हसू आलं असेल तर हसून घ्या, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. घाबरून मी दुरुस्तीला धावलो आणि घाईघाईत सगळ्यांच्याच मृत्युतारखा पुसल्या. जिवंतांच्या पुसायच्या होत्या, गेलेल्यांच्याही पुसल्या. आगीतून फुफाट्यात! पणजोबांसकट सगळे उठून बसले. आणि बुधवारी सकाळी प्रोग्रॅमनं, त्याच्या लेखी हयात असलेल्या सुलभाकाकूंना त्यांच्या मोबाइलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या. ‘शतायुषी व्हा’ म्हणून.

तो नंबर केव्हाच बंद झाला असेल असं मी धरून चाललो होतो. ऋचा म्हणाली, अहो, काका त्याचं रिचार्ज अजून करतात, मलाच करायला सांगतात. काकूंना जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. तेव्हापासून मी फोन करतोय आणि तुम्ही तो उचलत नाही. मला भीती वाटते, काका. तुम्ही रागावला असाल याची तर वाटतेच, पण नुसते रागावला नसाल याची जास्त वाटते.

बाकी आता सगळं जागेवर आहे. जुनी प्रत शाबूत होती, तिच्यावरून गेलेल्यांच्या तारखा परत भरल्या, जिवंतांचे रकाने कोरे ठेवले. काकूंची ओळ तेवढी राहिलीय. तारीख मला पाठ आहे, पण टाइप करायला हात धजत नाही.

तुमच्या घरात आता मोठे तुम्हीच नि लहानही तुम्हीच, तेव्हा सगळे नमस्कार तुम्हालाच.

तुमचा (तूर्त हयात)
जितेंद्र

ता. क. : कुलसंमेलन नि डेटाबेस गेले खड्ड्यात. खरं काम एवढंच आहे. हे पत्र घेऊन माझ्या ऑफिसातला चंदन त्याच्या गावी, म्हणजे तुमच्याच धारवाडला येतोय. त्याला दार तुम्ही स्वतः उघडा. तो तिथूनच मला फोन करणार आहे. तोंडावर दार आपटलंत तरी चालेल, पण तुम्ही आपटा.

पुन्हा ता. क. : चंदन खाली हॉर्न वाजवतोय आणि आत्ता काकूंच्या नंबरवरून मेसेज आला. ‘शुभेच्छा पोचल्या. ही एक चूक इतक्यात दुरुस्त करू नकोस. हरी.’ काका, एका तारखेची खात्री करायला भर उन्हात बेळगावला जाऊन आलेला माणूस तुम्ही! नाही करत. तो रकाना कोराच ठेवलाय. नव्या डेटाबेसाला शून्य चालत नाही, कोरं चालतं. रविवारी यशवंतपूरला उतरा, मी स्टेशनवर येतो. काकूंचा फोन आणि चार्जर आठवणीनं घ्या.